आमवात : औषधांचा त्रास, थकवा आणि तपाची मर्यादा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आजारपणाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. गेल्या पन्नास वर्षांत या ट्रस्टच्या छायेत अनेक आराधना झाल्या, तपश्चर्या झाल्या, पारणी झाली. त्या तपस्वींची अनुमोदना करणे हे संघाचे कर्तव्यच होय. परंतु त्याच पर्युषणाच्या आठ दिवसांत काही घरांत एक गोष्ट कोणालाही न सांगता घडत असते. नेहमीच्या औषधाची पट्टी कपाटात मागे सरकवली जाते आणि ‘एवढ्या दिवसांनी काय बिघडते’ असे मनाशी म्हटले जाते. आजचा विषय त्या मागे सरकवलेल्या पट्टीचा आहे.

एका श्राविकेचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. ती कोणी एक विशिष्ट व्यक्ती नव्हे. पौड, पिरंगुट, भूगाव, घोटावडे, कोळवण, कोणत्याही गावच्या पेठेत ती आढळेल. वय चाळिशीच्या आसपास, घरात सासू-सासरे, शाळेत जाणारी दोन मुले आणि खाली किराणा मालाचे दुकान. एका पावसाळ्यात सकाळी उठल्यावर तिची बोटे वळेनाशी झाली. कणीक मळता येईना, दुकानाचे शटर उचलताना मनगटातून कळ जाऊ लागली. वडीलधारे म्हणाले, “मुळशीचा पाऊस आणि ही ओल, वाताचा त्रास व्हायचाच.” सकाळचा ताठरपणा तास-दीड तासाने सुटे, त्यामुळे दुपारी भेटणाऱ्यास काहीच जाणवत नसे. चार महिने लेप, शेक आणि काढे यांत गेले. अखेर पुण्याच्या तज्ज्ञांनी निदान केले : रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवात.

आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी सुरू झाली. दोन-अडीच महिन्यांत सूज उतरली. पण गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळ होई, अन्नावरची वासना उडे आणि अंगातील शक्ती कोणी काढून घेतल्यासारखा थकवा येई. सासूबाई म्हणत, “चेहऱ्यावर तर काही दिसत नाही.” शेजारणीने औषधाच्या माहितीपत्रकातील ‘कर्करोग’ हा शब्द बोट ठेवून दाखविला. त्यातच पर्युषण आले. तिने अठ्ठाई घेतली आणि गोळी बंद केली. चौथ्या दिवशी सांधे हलके झाले, आठव्या दिवशी तर आजारच गेला असे वाटले. पारण्यानंतरही गोळी पुन्हा सुरू झाली नाही. दिवाळीच्या फराळाच्या वेळी तिच्या हातात झारा ठरेना.

या कथेत कोणाचीही भावना खोटी नाही. सासूबाईंची माया खरी, शेजारणीची काळजी खरी आणि श्राविकेची श्रद्धा तर सर्वांत खरी. उणीव आहे ती माहितीची आणि मोकळेपणाने बोलण्याची.

आजाराचे स्वरूप

उतारवयात गुडघ्याची झीज होते तो संधिवात निराळा आणि आमवात निराळा. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच आमवातात वाट चुकते आणि सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. म्हणून हा आजार केवळ हाडांचा नाही. त्यात रक्तक्षय होतो, फुप्फुसे व हृदय यांवरही परिणाम होऊ शकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पट आढळतो. उपचार लांबले तर सांध्यांची जी हानी होते ती बहुधा भरून येत नाही. पावसाळी हवेत दुखणे वाढल्याचे अनेकांना जाणवते. पण पाऊस हे आजाराचे कारण नव्हे.

हा शहरी सुखवस्तू लोकांचा रोग आहे, हा समज पुणे जिल्ह्यानेच खोटा ठरविला आहे. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिगवण या गावी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या पद्धतीने ती झाली. तीत साधारणपणे दर दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात आढळला. हे प्रमाण मनात धरले तर कोणत्याही मोठ्या गावात आणि कोणत्याही मोठ्या संघात हा रुग्ण असणारच. तो दिसत नसेल तर तो बोलत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गोळीची जन्मकथा

त्या श्राविकेला दिलेल्या औषधाचे नाव मेथोट्रेक्सेट. जगभर आमवातावर बहुधा याच औषधाने सुरुवात होते. त्याचा त्रास का होतो आणि तो कमी कसा करता येतो हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल, कारण त्या इतिहासाचा एक धागा मुंबईचा आहे.

१९२८ साली डॉ. लुसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणारा तीव्र रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. पालकासारख्या हिरव्या पानांत तो असतो आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच त्याला हे नाव मिळाले. नवीन पेशी तयार होण्यासाठी तो अत्यावश्यक आहे.

आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत १९४० नंतरच्या दशकात फॉलिक अॅसिड कृत्रिम रीतीने तयार करून घेतले. त्याच प्रयोगशाळेत फॉलिक अॅसिडसारखी दिसणारी, परंतु त्याचे काम रोखून धरणारी द्रव्येही तयार झाली. त्यांपैकी एकाने १९४८ साली बोस्टन येथे रक्ताच्या कर्करोगाने पीडित बालकांत तात्पुरता का होईना, उतार पडला. १९५१ साली त्याच द्रव्याचा आमवातात उपयोग होतो असे निरीक्षण नोंदले गेले आणि पुढे त्याचेच भावंड असलेल्या मेथोट्रेक्सेटला १९८८ साली अमेरिकेत आमवातासाठी अधिकृत मान्यता मिळाली.

माहितीपत्रकातील ‘कर्करोग’ या शब्दाचे मूळ येथे आहे. परंतु काही कर्करोगांत हे औषध शेकडो, प्रसंगी हजारो मिलिग्रॅम दिले जाते. आमवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. चिमूटभर मीठ आणि पोतेभर मीठ यांत जेवढा फरक, तेवढाच हा. शेजारणीने वाचलेला शब्द खरा होता. त्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकीचा होता.

त्रास कोणता, उपाय कोणता

ज्या पेशी शरीरात झपाट्याने नव्या होतात त्यांनाच फॉलिक अॅसिडची टंचाई प्रथम जाणवते. म्हणून तोंड येणे, मळमळ, केस विरळ होणे, रक्तातील पेशी कमी होणे, असे त्रास संभवतात. यकृतावरही भार येऊ शकतो. बहुतेक त्रासांवर उपाय आहे आणि तो औषध बंद करण्याच्या बराच अलीकडे आहे. डॉक्टर फॉलिक अॅसिडची गोळी सोबत देतात, ती बहुधा मेथोट्रेक्सेटचा दिवस वगळून. तिने त्रास कमी होतो. तरीही मळमळ राहिली तर मात्रा त्याच दिवशी दोन भागांत विभागता येते, किंवा गोळीऐवजी त्वचेखालील इंजेक्शन देता येते. हे सर्व निर्णय डॉक्टरांचे. परंतु त्रास होतो हे सांगण्याचे काम रुग्णाचेच. अनेक रुग्ण तपासणीच्या वेळी “बरे आहे” एवढेच बोलतात आणि घरी येऊन गोळी टाळतात. डॉक्टरांच्या कागदावर मात्र औषध चालू असते.

पुढील बाब सर्वांत महत्त्वाची असल्याने सावकाश वाचावी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून ते रोज घेतले गेल्याने रुग्ण दगावल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. ही गोळी आणि फॉलिक अॅसिडची गोळी, दोन्ही बहुधा लहान व पिवळ्या असतात. म्हणून घरातील कोणीतरी वार ठरवून भिंतीवरील कॅलेंडरवर खूण करावी आणि दोन गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ही जबाबदारी मुला-सुनांनी उचलावी.

सुरुवातीस दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी रक्ततपासणी करावी लागते. पौडहून किंवा त्याही पलीकडून चांदणी चौक ओलांडून पुण्याला जाणे, रांगेत बसणे आणि दुकान बंद ठेवणे ही अडचण खरी आहे. परंतु रक्ताचा नमुना जवळपास देऊन अहवाल दाखविण्यापुरते पुण्यास जाता येते का, हे डॉक्टरांना विचारावे. ताप, तोंडात जखमा, कोरडा खोकला व धाप, डोळे पिवळे होणे, अंगावर काळे-निळे डाग किंवा काळी शौच, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यास हे औषध चालू असल्याचे प्रथम सांगावे. को-ट्रायमॉक्साझोल हे नेहमीचे प्रतिजैविक याच्यासोबत धोकादायक ठरते. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रीने तर आधी डॉक्टरांशी बोलल्याखेरीज पुढे जाऊ नये, कारण गर्भाला या औषधाने अपाय होतो.

दुसरे औषध स्टेरॉइड. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या आमवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिले आणि ते काही दिवसांत चालू लागले. १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. पण लवकरच सूज, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे परिणामही जगासमोर आले. योग्य मात्रेत व थोड्या काळासाठी ते उपकारक आहे. मात्र काही आठवडे नियमित घेतल्यावर ते एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. “तीन दिवसांत सांधे मोकळे” असे सांगून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत अनेकदा हेच औषध मिसळलेले आढळले आहे. जिच्यावर घटक लिहिलेले नाहीत, ती पुडी घरात आणू नये.

न दिसणारा थकवा

सूज डोळ्यांना दिसते, वेदना बोलून दाखविता येते. थकव्याला मात्र पुरावा नसतो. दीर्घकाळ वैद्यकशास्त्रानेही त्याकडे दुर्लक्ष केले. आमवाताच्या उपचारांचे परिणाम कसे मोजावेत हे ठरविणाऱ्या तज्ज्ञांच्या परिषदेत २००२ साली, ऑस्ट्रेलियामध्ये, प्रथमच रुग्णांना सहभागी करून घेण्यात आले. सांध्यांइतकाच थकवा जाचतो, असे त्या रुग्णांनी सांगितले. त्यानंतरच संशोधनात थकवा मोजला जाऊ लागला. तेव्हा घरातील सून किंवा आई “अंगात त्राण नाही” असे म्हणते, तेव्हा ती सबब सांगत नसते.

या थकव्याची कारणे अनेक असतात : आजाराचा दाह, रक्तक्षय, वेदनेमुळे मोडलेली झोप, थायरॉइडचा विकार, मनाची उदासी आणि गोळीनंतरचा एखादा दिवस. शाकाहारी समाजाने आणखी एका कारणाकडे लक्ष द्यावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ग्रामीण भाग, झोपडपट्टी व शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी होती. त्यांपैकी ६७ टक्के जणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले आणि शाकाहारी व्यक्तींत ही शक्यता अधिक होती. बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक अॅसिड घेत राहिल्यास रक्तक्षय झाकला जातो. नसांची हानी मात्र चालू राहते. म्हणून आमवाताच्या शाकाहारी रुग्णाने बी-१२ ची तपासणी करावी काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. दूध-दह्यात ते काही प्रमाणात असते. औषधातील बी-१२ हे मांसापासून नव्हे, तर सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने होणाऱ्या किण्वनातून तयार होते. जिलेटिनच्या कॅप्सूलबाबत संकोच असल्यास साधी गोळी मागता येते.

उरलेल्या थकव्यावर उपाय म्हणजे शक्तीचा हिशेब. व्यापारी माणूस भांडवल एका दिवसात खर्च करीत नाही. बरे वाटते त्या दिवशी रुग्ण मात्र आठवड्याची कामे उरकतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात घालवतो. थकून पडण्यापूर्वी विश्रांती घ्यावी. जड काम सकाळच्या ताठरपणानंतर ठेवावे. गोळीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे, प्रवास आणि लोणच्या-पापडाचा घाट नको. सोयीचा वार निवडून गोळीचा दिवस डॉक्टरांच्या संमतीने बदलता येतो. उलट, संपूर्ण अंथरूण धरणेही हिताचे नाही. २०१३ साली उपलब्ध संशोधनाचा जो एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात बेताचा व्यायाम आणि मनाला दिशा देणारे समुपदेशन यांनी थकवा थोडा कमी होतो, असे दिसले. तो फायदा थोडा असला तरी रोज दहा मिनिटांच्या चालण्याने सुरुवात करणे कोणालाही शक्य आहे.

तप आणि औषध

आता मूळ प्रश्न. अठ्ठाईत त्या श्राविकेचे सांधे हलके झाले, तो भास नव्हता. उपवासाच्या काळात आमवाताची सूज व वेदना कमी होतात, हे नॉर्वे देशातील १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दिसले. परंतु केवळ उपवासाने झालेला हा उतार आहार पुन्हा सुरू झाल्यावर सहसा टिकत नाही, हेही वैद्यकास ठाऊक आहे. तिला आठव्या दिवशी आलेला अनुभव खरा होता. “आजार गेला” हा निष्कर्ष खोटा होता.

धोका दुसरीकडे आहे. उपवासात पाणी कमी पडले की मूत्रपिंडावर ताण येतो आणि मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडच करते. वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. स्टेरॉइड अचानक थांबविण्याचा धोका वर सांगितलाच आहे. यास्तव दीर्घ उपवासाचा विचार असल्यास चातुर्मासापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. ऐन पर्युषणात नव्हे. “गोळी झोपताना घ्या” असे लिहिलेले असेल आणि घरी चौविहार असेल, तर तीही अडचण बोलून दाखवावी. मेथोट्रेक्सेटबाबत वेळेपेक्षा वार आणि नियमितपणा महत्त्वाचा. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासोबत ते घेण्यास बहुधा डॉक्टरांची हरकत नसते.

आपल्या परंपरेने रुग्णाला कधीच एकटे सोडलेले नाही. पच्चक्खाण घेताना त्यासोबत आगार, म्हणजे सूट, उच्चारले जातात. त्यांत ‘सव्वसमाहिवत्तियागार’ आहे. तीव्र व्याधीने चित्ताची समाधी ढळू लागली, तर ती टिकविण्यासाठी औषध घेतल्याने पच्चक्खाणाचा भंग होत नाही, असा त्याचा आशय. त्याची मर्यादा गुरुभगवंतांकडून समजून घ्यावी. परंतु नियम आखतानाच शास्त्रकारांनी व्याधिग्रस्ताचा विचार केला होता, हे त्यावरून स्पष्ट होते. शिवाय तपाचे प्रकार बारा. अनशन त्यांतील एक. ज्यांना दीर्घ अनशन झेपणारे नाही त्यांच्यासाठी ऊणोदरी आहे, वृत्तिसंक्षेप आहे, स्वाध्याय आहे. वैद्यांची संमती असल्यास एकासणे, बियासणे आहे, ज्यात भोजनासोबत औषध घेता येते.

आणि घरच्यांसाठी वैयावृत्त्य आहे. रुग्णाची सेवा हे आभ्यंतर तप मानले गेले आहे. आठवड्याच्या त्या एका दिवशी सुनेच्या हातचे लाटणे सासूबाईंनी घेतले, मुलाने शटर उचलले, पतीने तपासणीसाठी दुकान अर्धा दिवस बंद ठेवले, तर त्या घरात पारण्याइतकेच पुण्य घडले असे मानावयास हरकत नसावी.

संघाच्या पातळीवरही थोडे करण्यासारखे आहे. उपाश्रयात आठ-दहा खुर्च्या कायम मांडलेल्या असाव्यात. त्यांवर बसून सामायिक करणाऱ्याकडे कोणी वळून पाहू नये. पुण्यास तपासणीला जाणाऱ्यांनी एकमेकांची वाहने वाटून घ्यावीत. तपस्वींच्या नावांचा फलक लागतो तेव्हा ज्यांनी आजारपणामुळे तप केले नाही त्यांच्या मनात लाज उरू नये, असे दोन शब्द व्यासपीठावरून बोलले जावेत. खर्च नगण्य आहे. गरज आहे ती केवळ लक्ष देण्याची.

त्या श्राविकेची गोळी पुन्हा सुरू होईल, हे निश्चित मानावे. पण गेलेल्या महिन्यांत मनगटाची झालेली हानी कदाचित परत भरून येणार नाही. पुढील पर्युषणात असे दुसऱ्या कोणाचे होऊ नये, म्हणून एवढा विस्तार. कपाटात मागे सरकवलेली पट्टी आज घरी जाताच पुढे आणावी. आणि ती मागे का गेली होती, हे घरातल्या एका तरी माणसाला सांगावे.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.